पडदा जमिनीवरच बेततात

६ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुझं ऐकता ऐकता माझं सांगायचं राहून जातं. गाडी शिकवणाऱ्या बाईला समोरच्याला मध्येच थांबवायची सवय लागते हे मला कळतं, ब्रेक तिच्याही पायाखाली असतो. पण कागदावर तुझा पाय पोचत नाही. म्हणून साधं बोलणं फोनवर आणि महत्त्वाचं पत्रात, ही आपली जुनी पद्धतच बरी.

माझ्या दुकानासमोरचं फर्निचरचं दुकान बंद झालं. तिथे आता फक्त बायकांसाठी व्यायामशाळा निघाली आहे. सर्किट जिम म्हणतात. ती चालवणारी मुलगी परवा माझ्याकडे आली. गळ्यात शिट्टी, पायात बूट आणि चालणं असं की दाराने आपणहून बाजूला व्हावं. "काकू, काचांना पडदे हवेत. येणारेजाणारे थांबून बघत बसतात," म्हणाली. मी टेप गळ्यात टाकला आणि निघाले.

आत गोलाकार यंत्रं मांडली आहेत. एकावर हात ओढायचे, दुसऱ्यावर पाय ढकलायचे, मध्ये एक जागच्या जागी चालवायची सायकल. थोडा वेळ झाला की शिट्टी वाजते आणि सगळ्या जणी उठून पुढच्या यंत्रावर जातात. असा पूर्ण गोल फिरला की झालं. मी खिडक्या मोजत होते, पण डोळा सारखा गोलाकडे. औषधाच्या दुकानातली बाई तिथे, शाळेच्या मोठ्या बाई तिथे, बेकरीवाली तिथे. सगळी माझी गिऱ्हाइकं. कुणाचा ड्रेस कितीदा सैल करून दिलाय ते मला तोंडपाठ आहे आणि मी ते माझ्याबरोबरच नेणार आहे. पण त्या तिथे माझ्याकडे बघून हसत होत्या, जशी काही मापं त्यांनीच माझी घेतली असावीत.

तर मुद्दा असा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मनात तिथे नाव घालायचं आहे. आपल्याच वयाची आहे. पण तिचं ठरत नाही. लोक काय म्हणतील, या वयात शोभेल का, वगैरे. तिने मला विचारलं, मी तुला विचारते. काय सांगू तिला?

आणखी एक. नाट्यगृहाचे मॅनेजर येऊन गेले. आईंनी शिवलेला रंगमंचाचा पडदा आता फारच विरला आहे, त्यांना नवा हवाय आणि तो माझ्याच हातचा हवाय. मी नाही म्हटलं. माझं मशीन जुनं झालं, जागाही पुरत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

त्या गिऱ्हाइकाला सांग, तिला शेंडी लावता येत नाही. निदान मला तरी नाही. आपल्याच वयाची, मनात आहे पण ठरत नाही, आणि माझ्या वहिनीखेरीज तिला सल्ला विचारायला कुणी सापडलं नाही! अगं, शिकाऊ माणूस आरशात न बघता गाडी वळवतो ते मला मागच्या सीटवरून कळतं. तू तर समोर बसली आहेस.

आता माझं मत. मला हे गोल गोल फिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. सायकल चालवायची आणि पोचायचं कुठेच नाही? माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असं कुणी केलं तर मी त्याला खाली उतरवीन. आपण आयुष्यभर राबलो, तोच आपला व्यायाम. तुला आरशात स्वतःला बघून काही वाटायला लागलंय का? दंड जाड दिसतात? कंबर? मग तू तुझ्या गिऱ्हाइकांना काय सांगतेस ते स्वतःला सांग, की कापड माणसासाठी असतं, माणूस कापडासाठी नसतं. दादा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, फक्त हळू आवाजात.

पडद्याचं मात्र मी मनाला लावून घेतलं आहे. आईचा पडदा! तो पडला की सगळं नाट्यगृह गप्प व्हायचं आणि मी शेजारच्यांना सांगायची, यातला अर्धा मी शिवलाय. त्या जागी कुणीतरी कारखान्यातून आणलेलं चकचकीत काहीतरी टांगणार? तू आईकडे शिकलीस, तिची कात्री तुझ्याकडे आहे, आणि तू मशीन जुनं झाल्याचं सांगतेस? ते मशीन माझ्या लहानपणीही जुनंच होतं.

म्हणून मी मॅनेजरांना फोन केला. सांगितलं की वहिनी लाजते आहे, तिच्या वतीने मी शब्द देते, पडदा तीच शिवेल. बिचारे इतके खूश झाले की दोनदा आभार मानले. आता नाक मुरडू नकोस. कामाला लाग.

तुझी एकुलती एक नणंद


२० फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तू माझ्या नावाने शब्द दिलास? मला न विचारता? पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी दुकान बंद केलं, चहा केला, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि राग तसूभरही उतरला नाही.

आता खरं ते सांगते, म्हणजे तुला पुढचे फोन करता येतील.

माझे दंड जाड आहेत आणि ते मला आवडतात. प्रश्न आरशाचा नाही. प्रश्न जमिनीचा आहे.

जानेवारीत एका दुपारी मी कोटाचं अस्तर बेतायला खाली बसले होते. बेतून झालं, उठायला गेले, तर उठताच येईना. दुखत नव्हतं काही. पायांत जोरच नव्हता. एका कुशीवर झाले, दुसऱ्या कुशीवर झाले, मशीनचा पाय धरून ओढ घेतली तर मशीनच माझ्याकडे सरकलं. मग सरळ बसून राहिले, स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच जमिनीवर. बाहेरून लोक जात होते आणि मला हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी औषधाच्या दुकानातली बाई तिच्या ड्रेसच्या ट्रायलला आली. मी म्हटलं, "बरं झालं आलात, मी टाचण्या वेचत होते." तिने काही न विचारता बगलेत हात घालून मला उभं केलं, आणि मग खाली बसून टाचण्या शोधायला लागली. टाचण्या नव्हत्याच. तरी ती शोधत बसली. माणूस भला असावा तर असा.

त्या दिवसापासून मी सगळं टेबलावर बेतते. कोट, ड्रेस, खिडकीचे पडदे टेबलावर होतात. रंगमंचाचा पडदा होत नाही. तू अर्धा शिवलास म्हणतेस, तर तुला आठवत असेल आई कसं करायच्या ते. सगळे पट्टे एकदम जमिनीवर अंथरायचे, कारण मखमलीची लव एकाच दिशेने हवी. एक पट्टा उलटा गेला तर दिव्यात तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. गुडघ्यांवर रांगत रेघ मारायची, आणि दर पट्ट्याला उठून, उभं राहून लांबून बघायचं. बसल्या जागेवरून रेघ सरळच दिसते, उभं राहिल्यावर खरं कळतं. म्हणजे दिवसभर खाली आणि वर, खाली आणि वर. मला एकदाही वर येता येत नाही.

आणि जिम. तिथे पहिल्या दिवशी फुकट बघायला देतात. मी गेले होते, तुला लिहिलं नाही. हात ओढले, पाय ढकलले, मजाही आली. मग दिसलं की गोलातली शेवटची जागा यंत्राची नाही, चटईची आहे. खाली बसायचं, आडवं व्हायचं, उठायचं. माझा नंबर यायच्या आत, दुकानावर कुणी आलंय असं सांगून मी काढता पाय घेतला. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला कुणी बगलेत धरून उचलावं, हे मला सहन होणार नाही.

मॅनेजरांना फोन कर आणि नाही म्हणून सांग. कारण काय सांगायचं ते तूच शोध. शब्द तू दिलास.

वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र हातात घेऊन गाडीतच बसून राहिले. एक विद्यार्थी बाहेर उभा होता, त्याला सांगितलं की आज इंजिनाचा आवाज ऐकण्याचा धडा आहे, बाहेरूनच ऐक.

तू त्या जमिनीवर एकटी बसलीस आणि मी तुला कंबरेवरून चिडवत होते. मला वाईट वाटलं. एवढंच लिहिते, जास्त लिहायला मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

मॅनेजरांना मी फोन केला. पण नाही म्हणायला नाही. एवढंच विचारलं की पडदा लागणार कधी. त्यांच्या छताचं काम आधी व्हायचंय, म्हणाले, सप्टेंबर उजाडेल. मखमलसुद्धा जुलैपर्यंत यायची नाही. म्हणजे तुला वेळ आहे. ऑगस्टमध्ये तू मला नाही म्हणालीस, तर मी स्वतः त्यांच्यासमोर जाऊन माफी मागेन आणि सगळा दोष माझ्या आगाऊ तोंडावर घेईन. ते तोंड बघून त्यांना पटेलही.

आता मास्तरीण म्हणून सांगते. माझ्याकडे येणारी माणसं गाडी पुढे न्यायला घाबरत नाहीत, मागे न्यायला घाबरतात. आणि ते भ्यालेलं माणूस महिनाभर छान पुढे पुढे चालवतं, पण रात्री झोपताना त्याच्या मनात रिव्हर्सच असतो. म्हणून मी त्यांना पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात नेते आणि आधी मागे घ्यायला लावते. तू आधी चटईवर जा. बाकीची यंत्रं कुठे पळून जात नाहीत. बायका यायच्या आधी त्या शिट्टीवालीला एकटीला गाठ आणि सांग, मला जमिनीवरून उठायचंय. बाकी काही नको.

सायकल कुठे पोचत नाही हे माझं मत कायम आहे.

तुझी नणंद


२ एप्रिल

प्रिय मास्तरीणबाई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं झालं की लिहीन असं ठरवलं होतं. आता झालंय.

तू म्हणालीस तसंच केलं. जिम उघडायच्या वेळेला दारात उभी राहिले आणि शिट्टीबाईला (सगळ्या तिला हेच म्हणतात, तिला आवडतं) एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती दया दाखवेल. तिने दया वगैरे काही दाखवली नाही. "बसा," म्हणाली. मी म्हटलं, बसले तर उठणार नाही. "मी आहे, काकू. इमारत पडली तरी मी तुम्हाला उठवून मगच पळेन." बसले. मग तिने शिकवलं की आपण सरळ वर उठायला बघतो तिथेच चुकतं. आधी कुशीवर व्हायचं, मग हातापायांवर यायचं, मग एक पाऊल पुढे रोवायचं, आणि त्या पावलावर सगळा भार टाकून वर यायचं. पहिल्या दिवशी तिने मला अक्षरशः उपसून काढलं. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी मी नाव घातलं.

बायकांची भीती उगाच होती. औषधवाली माझ्या शेजारच्या यंत्रावर असते. त्या दुपारबद्दल तिने अजून चकार शब्द काढलेला नाही. मोठ्या बाई शाळेत सगळ्यांना गप्प बसवतात आणि इथे सगळ्यात मोठ्याने कण्हतात. बेकरीवालीचा जोर बघून मला तिच्या बाह्या का उसवतात ते एकदाचं कळलं.

आता जे झालं ते सांगते, हसून घे. ती जागच्या जागीची सायकल कुरकुरायची. तुला माहीत आहे, मशीन कुरकुरलं की माझा जीव खालीवर होतो. परवा मी घरून तेलाची कुपी नेली, आवाज कुठून येतो ते कान लावून शोधलं आणि आपल्या शिलाई मशीनला घालते तसं तिथे भरपूर तेल घातलं. आवाज बंद. मी खूश. सकाळभर बायका त्या सायकलवर बसून अशा काही पाय फिरवत होत्या! "आज मला किती हलकं वाटतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. बेकरीवाली म्हणाली की तिचा दम वाढला. शिट्टी झाली तरी सायकलवरून कुणी उठेना. शेवटी शिट्टीबाई स्वतः बसली, पाय फिरवले आणि तिचा चेहराच बदलला. चाकाला एक लोकरी गादी दाबून धरते म्हणे, तिच्यामुळेच जोर लागतो. ती गादी मी तेलात भिजवली होती.

तू असतीस तर आधीच ओरडली असतीस, की ब्रेकला कुणी तेल घालतं का! मी कोटाच्या कॉलरखाली लावते ते जाड कापड आणलं, त्याची नवी गादी कापून दिली. आता सायकल पूर्वीपेक्षा जड चालते आणि सगळ्या माझ्या नावाने बोटं मोडतात. मोठ्या बाईंना ते हलकं वाटणं का गेलं ते कुणी सांगितलेलं नाही.

खुर्चीवर हात टेकून मी आता एकटी उठते. खुर्चीशिवाय नाही. पण एकटी.

तुझी वहिनी


११ जून

प्रिय वहिनी,

ब्रेकला तेल! मी हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं. एकाने विचारलं, मग त्या काकू अजून गाडी चालवतात का? मी म्हटलं, नाही, त्या उठायला शिकतात. त्याला काहीच कळलं नाही, ते बरंच झालं.

खुर्ची धरून का होईना, तू उठतेस. हे वाक्य मी शेजारणीलाही वाचून दाखवलं. तिला आपल्यातलं काही माहीत नाही, तरी ती म्हणाली, वा.

इकडे सगळं नेहमीसारखं. गर्मी आहे. विद्यार्थी येतात, गिअरचा खडखडाट करतात, जातात. एक विचारायचं होतं. तुझ्या त्या गोलात मनगटासाठी काही यंत्र असतं का? आणि गुडघ्यासाठी? माझ्या एका विद्यार्थिनीला हवं आहे. थोडी वयस्क आहे. आमच्याकडेही बसस्टँडच्या मागे अशीच एक जिम निघाली आहे, तिच्या मनात तिथे जायचं आहे, पण आधी तिने अशा जागांना इतकी नावं ठेवली आहेत की आता जायला तोंड नाही म्हणते. काय सांगू तिला?

तुझी नणंद


१९ जुलै

प्रिय मास्तरीणबाई,

तुझ्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, दुसऱ्याच्या नावाने सल्ला विचारायची युक्ती आमच्या दुकानात फेब्रुवारीतच वापरून झाली. मनगटासाठी हात ओढायचं यंत्र आहे, गुडघ्यासाठी पाय ढकलायचं. आणि नावं ठेवलेल्या जागी गेलं की काही होत नाही, मी तुझ्याच घरात नांदायला आले होते.

आता माझं. आज गंमत करायला मन होत नाही.

मखमल आली. गडद लाल, आईंच्या पडद्याचा होता तसाच रंग. मॅनेजरांनी दुकानात एक गठ्ठा आणून दाखवला आणि मी हात फिरवला, तर लव हाताखाली अशी वळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे काम मला हवंय. फेब्रुवारीत मी तुला खोटं लिहिलं की जागा नाही. मला ते तेव्हाही हवंच होतं. आईंचा पडदा पडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच मनात आलं होतं की एकदा माझ्या हातचा इथे पडावा.

पण खुर्ची सुटत नाही. कुशीवर होते, हातापायांवर येते, पाऊल रोवते, अर्ध्यापर्यंत येते, आणि तिथे अडते. रोज तिथेच. खुर्चीला एक बोट लावलं तरी उठते, बोट काढलं की बसते. शिट्टीबाई म्हणते की जोर पायात आलेला आहे, विश्वास आलेला नाही. मी म्हटलं, विश्वासाचं यंत्र कुठलं ते दाखव.

आणि अंथरलेल्या मखमलीवर खुर्ची ठेवता येत नाही. भार पडला की चार पायांचे चार खळगे लवेत उमटतात, ते जन्मात जात नाहीत. ऑगस्ट तोंडावर आहे. तू दिलेला शब्द मोडायचा की पाळायचा, ते मला ठरवायचंय, आणि मला भीती वाटते.

तुझी वहिनी


३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

ती विद्यार्थिनी मीच. तुला आधीच कळलं होतं, तरी माझ्या हाताने लिहिते.

मागच्या वर्षापासून मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढते. विद्यार्थ्यांना सांगते की असाच ओढायचा असतो, सुरक्षित असतो. मे महिन्यात एका चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेक सोडला, पण तो पूर्ण लागला नव्हता आणि गाडी मागे सरकायला लागली. माझ्या शेजारी बसलेली पोरगी, जिला अजून गिअर नीट टाकता येत नाही, तिने हात लांब करून एका हाताने तो खचकन ओढला. मग म्हणाली, "मॅडम, बरोबर ओढला ना?" मी म्हटलं, छान. घरी येऊन रडले. आणि जमिनीवर तर आई गेल्यापासून बसलेलीच नाही. बसले तर तुझ्या टाचण्या मलाही वेचाव्या लागतील.

तर आता ऐक. अर्ध्यात अडणं मला माहीत आहे. चढावर क्लच सोडताना प्रत्येक जण तिथेच अडतो, आणि त्या जागी मी कधीच सांगत नाही की सोड किंवा धर. मी फक्त विचारते, तुला जायचं कुठे आहे? माणूस वर बघतो आणि गाडी निघते. तुझ्या जिममध्ये वर बघण्यासारखं काय आहे? छताचा पंखा. रंगमंचावर जा. मधोमध अडलीस तर तिथल्या तिथे बसून राहा, मी गाडी घेऊन येईन आणि तुझ्या शेजारी बसेन, मग दोघींना उठवायला माणसं बोलावू. पण नाही म्हणायला मी मॅनेजरांकडे जाणार नाही. मी तसं कबूल केलं होतं, ठाऊक आहे. आता मोडते.

मी बसस्टँडमागच्या जिममध्ये सोमवारपासून जाते. सायकल कुठेच पोचत नाही. पण वाईट नाही.

तुझी नणंद


१५ सप्टेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

पडदा बेतून झाला. सविस्तर सांगते, मध्ये ब्रेक दाबू नकोस.

सगळे पट्टे मावतील अशी जागा एकच होती, रंगमंच. तो झाडून पुसून घेतला आणि मखमल पालथी अंथरली. टोकं धरायला माणसं हवी होती, तर माझा सगळा गोल आला. औषधवाली, मोठ्या बाई, बेकरीवाली, शिट्टीबाई, सगळ्या कडेने रांगेत उभ्या राहिल्या. मॅनेजर माझ्या मागे मागे, हात जोडून, कारण त्यांचा जीव मखमलीत अडकला होता.

गुडघ्यांखाली चादरीची घडी घेतली, आईंची कात्री घेतली आणि रांगत मध्यापर्यंत गेले. खडूने रेघ मारली. पहिला काप घातला. कात्री अशी चालली की मला दुसरं काही आठवलंच नाही. पट्टा संपला आणि लक्षात आलं की आता उठून बघायचंय. चहूकडे लाल मखमल, हात लावायला काही नाही. सगळं नाट्यगृह गप्प. मॅनेजरांना काय वाटलं कोण जाणे, ते वाकले आणि मला उठवायला त्यांनी हात पुढे केला.

मी त्या हातात कात्री ठेवली. म्हटलं, "जरा धरा."

मग पाऊल रोवलं. अर्ध्यावर आले, तिथे अडले, नेहमीसारखी. आणि तुझं आठवून वर बघितलं. वर, दिव्यांच्याही वर, आईंचा जुना पडदा गुंडाळून टांगलेला होता. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मला कळलं तेव्हा मी उभी होते. रेघ सरळ होती.

शिट्टीबाईला राहवलं नाही. तिने आनंदाने खच्चून शिट्टी फुंकली. आणि शिट्टी ऐकल्याबरोबर गोलातल्या सगळ्या जणी, हातातल्या टोकांसकट, सवयीने एक एक जागा पुढे सरकल्या. मखमल अशी पिळवटली की मॅनेजरांनी कात्री छातीशी धरून डोळे मिटले. मोठ्या बाई ओरडल्या, "अहो, हे यंत्र नाही!" पण सर्वांत आधी सरकल्या त्याच होत्या. मग सगळं पुन्हा सरळ करायला मला पुन्हा खाली बसावं लागलं. बसले. उठले. संध्याकाळपर्यंत इतक्यांदा बसले आणि उठले की शेवटी कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मला तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आता तुझी खोडी. माप जुळवायला आईंचा पडदा खाली उतरवला आणि त्याची खालची कड तपासली. सगळी कड आईंची, एकसारखी. फक्त डाव्या कोपऱ्याशी हातभर लांबीचे टाके असे वेडेवाकडे की विचारू नकोस. कुठे लांब, कुठे आखूड, एका जागी दोऱ्याचा चक्क गुंता. तर हा तो अर्धा पडदा, जो तू शेजाऱ्यांना सांगत होतीस! पण आईंनी तो उसवला नव्हता. त्यांना एक टाका इकडचा तिकडे खपत नसे, माझे तर किती उसवायला लावले. तुझे मात्र तसेच ठेवले, इतकी वर्षं, सगळ्या गावासमोर.

नव्या पडद्याच्या टिपा मारून झाल्या की खालची कड हाताने शिवायची आहे. मी ती सगळी शिवीन. डाव्या कोपऱ्यातली हातभर मात्र उघडी ठेवीन, तुझ्यासाठी. गाडी काढ आणि ये. हँडब्रेक एका हाताने ओढ, मी दारातून बघणार आहे.

शिवायला जमिनीवर बसावं लागेल. बिनधास्त बस. उठायचं कसं, ते मी दाखवीन.

तुझी वहिनी